स्मुर्ण्याचे पॉलिकार्प आणि त्यांचे फिलिप्पैकरांस पत्र

पौलाचे फिलिप्पैकरांस पत्र आपण मंडळीत वारंवार वाचतो. त्याच मंडळीला सुमारे दोन पिढ्यांनंतर आणखी एक पत्र आले होते. ते पवित्र शास्त्रातले नव्हे. तरी ते लिहिणाऱ्या पुरुषाचे जीवन व त्या पत्राचा बोध ही दोन्ही आपल्या उपयोगाची आहेत, म्हणून आम्ही त्यांची येथे ओळख करून देत आहो.

पॉलिकार्प हे स्मुर्णा येथील मंडळीचे अध्यक्ष होते. प्रकटीकरणात ज्या सात मंडळ्यांना निरोप आहेत, त्यांतली ही एक. ते नगर म्हणजे आजच्या तुर्कस्तानातले इझमीर. ज्यांनी प्रभूला डोळ्यांनी पाहिले होते अशांच्या, विशेषतः योहानाच्या, सहवासाच्या गोष्टी पॉलिकार्प सांगत असत, अशी आठवण आयरेनियस ह्यांनी लिहून ठेवली आहे. लहानपणी त्यांनी पॉलिकार्प ह्यांचे बोलणे स्वतः ऐकले होते.

दुसऱ्या शतकाच्या आरंभीची गोष्ट. अंत्युखियाचे अध्यक्ष इग्नेशियस ह्यांना विश्वासामुळे कैद करून, दहा शिपायांच्या पहाऱ्यात रोमला नेले जात होते. वाटेत ते स्मुर्ण्यास थांबले. पुढे त्रोवस व नियापुली ह्या मार्गाने फिलिप्पै लागले. तेथील बांधवांनी त्यांचे प्रेमाने स्वागत केले व त्यांना वाटेला लावले. मग त्यांनी पॉलिकार्पना लिहिले : इग्नेशियस ह्यांची पत्रे तुमच्याजवळ असतील ती आम्हांस पाठवा, आणि नीतिमान जीवनाविषयी आम्हांला काही बोध करा. पॉलिकार्प ह्यांनी पत्रे पाठवली आणि सोबत स्वतःचे हे पत्र लिहिले. इग्नेशियस ह्यांच्याविषयी पक्के वर्तमान मिळाल्यास कळवावे, अशी विनंतीही त्यात आहे.

आपली बरोबरी पौलाशी होऊ शकत नाही, असे ते नम्रपणे सांगतात व फिलिप्पैकरांना पौलाच्याच शिकवणीकडे वळवतात. पत्नी, विधवा, सेवक, तरुण, वडील अशा प्रत्येकाला ते त्याचे कर्तव्य सांगतात. राजांसाठी आणि छळ करणाऱ्यांसाठीही प्रार्थना करण्यास सांगतात. पण पत्राचे काळीज वेगळ्याच ठिकाणी आहे.

फिलिप्पै येथे व्हॅलेन्स नावाचे एक वडील होते. ते व त्यांची पत्नी पैशाच्या लोभात पडली. अपराधाचा तपशील पॉलिकार्प देत नाहीत. चघळण्याजोगे काही ते मागे ठेवत नाहीत. लोभाविषयी मात्र ते कडक बोलतात. ज्याला ह्या बाबतीत स्वतःला आवरता येत नाही त्याने इतरांना काय शिकवावे, असे ते विचारतात, आणि लोभ मूर्तिपूजेच्या पंक्तीला बसवतात. त्यानंतर ते सांगतात की, ह्या दोघांना प्रभूने खरा पश्चात्ताप द्यावा. मंडळीने त्यांना शत्रू समजू नये, तर आजारी पडलेले अवयव समजून परत आणावे, म्हणजे सबंध शरीर वाचेल.

हे नुसते लिहिणे नव्हते. सन १५५ च्या सुमारास त्यांना धरायला शिपाई आले, तेव्हा वृद्ध पॉलिकार्प माडीवरून खाली आले व त्यांनी त्या शिपायांपुढे अन्नपाणी ठेवावयास सांगितले. प्रार्थनेसाठी एक तास मागितला आणि दोन तास प्रार्थना केली. आयुष्यात भेटलेल्या लहानथोर सर्वांची त्यांनी आठवण केली. ख्रिस्ताला नाकारण्यास अधिपतीने सांगितले, पण शहाऐंशी वर्षे ज्याने आपले काही वाईट केले नाही त्या राजाला ते नाकारीनात. आगीत व शस्त्राच्या घावाने त्यांनी प्राण दिला. ही हकीकत स्मुर्ण्याच्या मंडळीने फिलोमेलियमच्या मंडळीला लिहून कळवली.

वाचकहो, मंडळीच्या पैशात गफलत झाली की आपल्याकडे दोनच गोष्टी घडताना दिसतात. एक तर प्रकरण झाकले जाते, नाही तर त्या कुटुंबाला कायमचे वाळीत टाकले जाते, आणि त्यांची मुले संडे स्कूलला यायची थांबतात. पॉलिकार्प तिसरी वाट दाखवतात. पापाला पाप म्हणावे, हिशेब चोख ठेवावा, पडलेल्याच्या घरची पायरी मात्र सोडू नये. संडे स्कूलच्या शिक्षकांनी अशा घरची मुले आपल्या वर्गात पुन्हा बसतील असे पाहावे. व्हॅलेन्सच्या मंडळीला जे सांगितले गेले, ते आपल्यालाही सांगितलेले आहे.