ज्योतिर्विद शंकर बाळकृष्ण दीक्षित

शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा जन्म १८५३ साली कोकणात दापोलीजवळील मुरूड या गावी झाला. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकून ते शिक्षक झाले. विश्वविद्यालयाची पदवी त्यांच्याजवळ नव्हती. रेवदंडा, बार्शी, धुळे अशा गावी मुलांना शिकवीत असतानाच त्यांनी ज्योतिषाचे जुने संस्कृत ग्रंथ स्वतःच्या बळावर अभ्यासिले.

त्या काळी महाराष्ट्रातील बहुतेक पंचांगे गणेश दैवज्ञांच्या 'ग्रहलाघव' या ग्रंथावरून तयार होत. १५२० च्या सुमाराचा हा ग्रंथ मोठा कुशल. पण साडेतीनशे वर्षांत लहान लहान चुका साठत गेल्या होत्या. त्याहून बिकट प्रश्न संक्रांतीचा होता.

यवतमाळ जिल्ह्यातील एखाद्या कापसाच्या शेतात उभे राहून हिवाळ्यात रोज सूर्योदय पाहावा. सूर्य उगवण्याची जागा दक्षिणेकडे सरकत जाते, २१-२२ डिसेंबरच्या सुमारास थांबते आणि मग उत्तरेकडे वळते. हेच उत्तरायण. पण उत्तरायणाचा सण म्हणून पाळली जाणारी मकरसंक्रांत येते जानेवारीच्या मध्यास! याचे कारण असे, की पृथ्वीचा आस भोवऱ्याप्रमाणे सावकाश डुलतो. त्याच्या एका फेरीस सुमारे २६,००० वर्षे लागतात. त्यामुळे ऋतू आणि तारे यांची जुळणी सुमारे ७२ वर्षांत एक दिवस या वेगाने सुटत जाते. सतराशे वर्षांपूर्वी हे दोन्ही दिवस जवळजवळ एकच होते.

मग सण ताऱ्यांवरून धरावेत की ऋतूंवरून? दीक्षितांनी ऋतूंचा पक्ष घेतला. विसाजी रघुनाथ लेले व जनार्दन बाळाजी मोडक यांच्यासह त्यांनी ऋतूंना धरून चालणाऱ्या सायन पंचांगाचा पुरस्कार केला. यासाठी त्यांनी धर्मग्रंथ बाजूला सारले नाहीत. वेदांतील मधु, माधव इत्यादी महिने ऋतूंशीच बांधलेले आहेत, हाच त्यांचा मोठा आधार होता.

लोकांना मात्र ते पटेना. वाडवडिलांनी ज्या दिवशी दानधर्म केला, तो दिवस चुकीचा कसा म्हणावा? नव्या गणिताने दिवाळीदेखील पुष्कळदा महिनाभर आधी आली असती. शेजारच्या घरी अंधार असताना आपणच दिवे लावावेत काय? ही अडचण हसण्यावारी नेण्याजोगी नव्हती, कारण सण एकट्याने होत नाही. सायन पंचांग फारसे चालले नाही.

दीक्षितांचे संशोधन थांबले नाही. कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत, असा उल्लेख त्यांना शतपथ ब्राह्मणात आढळला. आज कृत्तिका पूर्वेच्या बऱ्याच उत्तरेस उगवतात. त्या नेमक्या पूर्वेस केव्हा उगवत असतील, याचे गणित करून त्यांनी तो काळ इसवी सनापूर्वी सुमारे ३००० वर्षे असा ठरविला. सर्व विद्वानांनी तो मानला नाही. पण यज्ञविधींच्या ग्रंथातील एका साध्या वाक्याची आकाशाशी पडताळणी करण्याची त्यांची रीत सर्वांच्या ध्यानात राहिली.

१८९६ साली त्यांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा मराठी ग्रंथ प्रसिद्ध झाला. पुढे भारत सरकारच्या हवामान खात्याने त्याचे इंग्रजी भाषांतर छापले. सामान्य वाचकांसाठी त्यांनी 'ज्योतिर्विलास' हे सोपे पुस्तकही लिहिले. १८९८ साली, अवघ्या ४४ व्या वर्षी ते निवर्तले.

त्यानंतर ५९ वर्षांनी, २२ मार्च १९५७ रोजी, मेघनाद साहा यांच्या समितीच्या शिफारशीवरून भारताची राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. तिचे वर्ष ऋतूंप्रमाणे चालते. संक्रांतीचा तिळगूळ मात्र घरोघरी जानेवारीतच वाटला जातो.