डॉ. पॉम्पे आणि एक तान्हे हृदय

सन १९३० च्या डिसेंबर महिन्याची २७ तारीख होती. हॉलंडमधील एक तरुण डॉक्टर सात महिन्यांच्या एका मृत बालिकेचे शवविच्छेदन करीत होता. बालिकेचे हृदय वयाच्या मानाने अतोनात वाढलेले होते. ते का वाढले, हे कोणासच सांगता येत नव्हते. कारण अज्ञात, एवढी नोंद करून कागद मिटता आला असता. परंतु योआनेस कासियानुस पॉम्पे यांनी तसे केले नाही.

त्यांचा जन्म ९ सप्टेंबर १९०१ रोजी उट्रेख्त येथे झाला. वैद्यकाचे शिक्षणही त्यांनी त्याच नगरीत घेतले. बालिकेच्या हृदयाचे पातळ काप त्यांनी सूक्ष्मदर्शक यंत्राखाली पाहिले, तेव्हा स्नायूंचे तंतू जाळीसारखे पोखरलेले दिसले. त्या पोकळ्यांत ग्लायकोजेन साचले होते. गृहिणी कणगीत धान्य साठवते, त्याप्रमाणे आपले शरीर साखर ग्लायकोजेनच्या रूपाने साठवून ठेवते व लागेल तशी काढून घेते. येथे मात्र कणगी भरतच गेली होती. उपसा होत नव्हता. हे निरीक्षण पॉम्पे यांनी १९३२ मध्ये प्रसिद्ध केले आणि १९३६ मध्ये याच विषयावर प्रबंध लिहिला.

मे १९४० मध्ये जर्मन सैन्याने हॉलंड व्यापले. अ‍ॅम्स्टरडॅम येथे काम करणारे पॉम्पे गुप्त प्रतिकार चळवळीत सामील झाले. ज्यूंना आश्रय मिळवून देण्यास त्यांनी साहाय्य केले. त्यांच्या प्रयोगशाळेत एक बिनतारी प्रक्षेपक यंत्र दडवलेले होते. फेब्रुवारी १९४५ मध्ये ते यंत्र सापडले व पॉम्पे पकडले गेले. पुढे एका रेल्वे-पुलाच्या विध्वंसाचा सूड म्हणून १५ एप्रिल रोजी सिंट पांक्रास येथे इतर बंदिवानांसह त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. त्या वेळी ते ४३ वर्षांचे होते. त्यानंतर अवघ्या वीस दिवसांनी हॉलंड मुक्त झाले.

त्यांचे अर्धे राहिलेले कोडे इतरांनी सोडविले. १९५५ मध्ये बेल्जियममधील क्रिस्तियाँ द द्यूव यांनी पेशींतील लायसोसोम नावाच्या सूक्ष्म पिशव्या उजेडात आणल्या. १९६३ मध्ये त्याच देशातील हेन्री हेर्स यांनी दाखविले की, या रोगात त्या पिशव्यांतील ग्लायकोजेन फोडणारे एन्झाइम नसते. स्वतः निरोगी असलेल्या मातापित्यांकडून प्रत्येकी एक सदोष जनुक आल्यास मूल या रोगासह जन्मते. तान्हेपणी रोग प्रकट झाल्यास, उपचारावाचून बहुतेक बालके पहिला वाढदिवसही पाहत नसत.

२००६ मध्ये हे एन्झाइम औषधाच्या रूपाने वापरण्यास युरोप व अमेरिकेत मान्यता मिळाली. दर पंधरवड्यास ते शिरेवाटे देतात. त्याने वाढलेले हृदय पुष्कळदा आकुंचन पावते व बालक जगते. तथापि हातापायांच्या स्नायूंवर त्याचा गुण तितकासा येत नाही. काही बालकांचे शरीर ते परके मानून त्याचा प्रतिकारही करते. म्हणून रोगाचे निदान जितके लवकर होईल तितके हितकर.

विद्यार्थिमित्रांनो, हा रोग आज पॉम्पे यांच्याच नावाने ओळखला जातो. हे औषध पाहण्याचे भाग्य मात्र त्यांच्या वाट्यास आले नाही. जी बालिका त्यांच्या हातून वाचणे शक्यच नव्हते, तिच्या मृत्यूचे कारण त्यांनी प्रामाणिकपणे शोधले आणि लिहून ठेवले. पुढे जगलेल्या बालकांच्या आयुष्याची पहिली ओळ त्या नोंदीत होती.