डिलाइल रोडला ज्यांचं नाव दिलं, ते ना. म. जोशी कोण होते?

लोअर परळच्या बीडीडी चाळींची बातमी आली की ‘ना. म. जोशी मार्ग’ हे नाव हमखास कानावर पडतं. जुन्या मुंबईकरांसाठी तो आजही डिलाइल रोड. गिरणगावातल्या या रस्त्याला ज्यांचं नाव दिलं, ते नारायण मल्हार जोशी बहुतेकांना कामगार पुढारी म्हणून माहीत असतात. पण मुळात ते शाळामास्तर होते. कामगारांमधलं त्यांचं काम संपापासून नव्हे, तर शाळा आणि वाचनालयांपासून सुरू झालं.

जोशींचा जन्म ५ जून १८७९ रोजी कुलाबा जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या रायगडमधल्या गोरेगावचा. पुण्यात शिकून ते पदवीधर झाले आणि काही वर्षं त्यांनी शाळांमध्ये शिकवलं. १९०९ मध्ये ते गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाले. दोनच वर्षांनी, १९११ मध्ये, त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग उभी केली.

त्या काळचा गिरणी कामगार बहुतेक कोकणातून किंवा घाटावरून आलेला. अक्षरओळख नसेल तर गावाकडचं पत्र दुसऱ्याकडून वाचून घ्यायचं आणि सावकाराच्या कागदावर मजकूर न कळताच अंगठा उठवायचा. पगारातून दंड कापला, तर तो बरोबर कापला की नाही, हेही समजायचं नाही. लीगने अशा वस्त्यांमध्ये दिवसाच्या शाळा, प्रौढांसाठी रात्रशाळा, वाचनालयं, दवाखाने आणि सहकारी पतपेढ्या चालवल्या. परळचं दामोदर हॉल याच संस्थेचं.

रात्रशाळा ही कल्पना महाराष्ट्राला नवी नव्हती. जोतीराव फुल्यांनी १८५५ मध्येच पुण्यात कष्टकऱ्यांसाठी अशी शाळा काढली होती. जोशींच्या बाबतीत वेगळं हे, की ज्या वस्तीत ते शाळा चालवत होते, तिथल्याच कामगारांचे प्रश्न ते कायदेमंडळातही मांडत होते. १९२० मध्ये आयटक ही देशव्यापी कामगार संघटना मुंबईत स्थापन झाली, तिच्या संस्थापकांपैकी ते एक. १९२१ पासून ते केंद्रीय कायदेमंडळात कामगारांची बाजू मांडू लागले आणि त्याच वर्षी कामगार संघटनांसाठी कायदा करावा, असा ठराव त्यांनी आणला.

तो कायदा १९२६ मध्ये झाला. नोंदणी झालेल्या संघटनेचे किमान निम्मे पदाधिकारी प्रत्यक्ष त्या उद्योगात काम करणारे असावेत, असं त्यात होतं. शिवाय हिशेब ठेवायचा, तो तपासून घ्यायचा आणि दरवर्षी सरकारकडे पाठवायचा. म्हणजे साच्यावरच्या माणसाला वहीतले आकडे वाचता आले नाहीत, तर संघटना त्याची असूनही कारभार बाहेरच्याच्या हातात जाणार.

१९२९ मध्ये नेमलेल्या रॉयल कमिशन ऑन लेबरचे जोशी सदस्य होते. कमिशनने पगारातल्या दंडाचा प्रश्न तपासला, आणि पुढे १९३६ मध्ये वेतन अदा करण्याबाबतचा कायदा आला. या कायद्यानुसार दंडाची कमाल मर्यादा पगाराच्या दर रुपयामागे अर्धा आणा ठरली. म्हणजे २० रुपये पगार असेल तर दंड १० आण्यांपेक्षा जास्त नको. कायद्याचा सारांश इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांच्या भाषेत कारखान्यात लावणं मालकावर बंधनकारक झालं.

मुंबईच्या गिरणीत हा कागद मराठीतही लागणार, हे खरं. पण त्याचा उपयोग कोणाला? जो तो वाचू शकतो आणि दर रुपयाला अर्धा आणा म्हणजे आपल्या पगाराचे किती, हे काढू शकतो त्याला. बाकीच्यांना पुन्हा मुकादमाच्या शब्दावरच विसंबून राहावं लागणार. रात्रशाळेतली बाराखडी आणि बेरीज-वजाबाकी इथे कामाला येते.

जोशी मवाळ वळणाचे. १९२९ मध्ये आयटकमध्ये फूट पडली तेव्हा ते बाहेर पडले. एकी झाल्यावर ते परतले आणि १९४० च्या दशकात पुन्हा तिचे सरचिटणीस राहिले. त्यांची वाट संथ आहे, अशी टीका जहाल पुढाऱ्यांनी केली. ३० मे १९५५ रोजी त्यांचं निधन झालं.

आज गिरण्या गेल्या. पण पगाराची पावती, भविष्य निर्वाह निधीचा हिशेब, कंत्राटाचा कागद आजही कामगाराच्या हाती येतो. तो त्याला स्वतः वाचून पडताळता येतो का, हा प्रश्न जोशींच्या रात्रशाळांइतकाच जुना आहे.