अजिंठ्याची नक्कल करणारा मेजर

३० डिसेंबर १८६६ रोजी लंडनजवळच्या सिडनहॅम येथे उभ्या असलेल्या क्रिस्टल पॅलेस या काचेच्या प्रचंड प्रदर्शनगृहाच्या उत्तर भागाला आग लागली. त्या आगीत जे अनेक संग्रह भस्मसात झाले, त्यांत भारतातून आलेली काही मोठी तैलचित्रे होती. ज्या हातांनी ती रंगवली होती, ते हात त्या वेळी हजारो मैल दूर, निजामाच्या राज्यातील अजिंठा गावात होते. मेजर रॉबर्ट गिल तेव्हा बासष्ट वर्षांचा होता. त्याच्या आयुष्यातील जवळजवळ वीस वर्षांचे काम एका रात्रीत नाहीसे झाले आणि त्याची वार्ता त्याच्यापर्यंत पोहोचली ती बऱ्याच दिवसांनी, बोटीच्या टपालाने.

महाराष्ट्रात गिलचे नाव घेतले की पारोचे नाव आपोआप येते. अजिंठा गावातील तिची कबर, ना. धों. महानोर यांचे दीर्घकाव्य, २०१२ साली आलेला नितीन चंद्रकांत देसाई यांचा चित्रपट यांमुळे गोरा साहेब आणि रानातील मुलगी ही जोडी घरोघरी ठाऊक झाली. ही ओळख खोटी नाही. पण अपुरी आहे. प्रेमकथेच्या झगमगाटात माणसाचे काम झाकले गेले, आणि ते काम साधे नव्हते.

गिलचा जन्म २६ सप्टेंबर १८०४ रोजी इंग्लंडमध्ये झाला. विशीच्या उंबरठ्यावर तो ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास सैन्यात दाखल झाला आणि हिंदुस्थानात आला. पलटणीतील इतर अधिकाऱ्यांप्रमाणे त्याचीही पहिली वर्षे छावण्या, कवायती आणि शिकार यांत गेली. शिकारीचा नाद त्याला अखेरपर्यंत राहिला. वाघ मारण्यात त्याचे नाव झाले होते. १८४१ मध्ये मद्रासला त्याचे लग्न झाले. मात्र या सैनिकाला चित्रकलेचे अंग होते, आणि त्याच अंगाने पुढे त्याच्या आयुष्याची दिशा ठरवली.

त्या वेळी अजिंठ्याची लेणी युरोपीय जगाला नव्याने माहीत झाली होती. १८१९ च्या एप्रिलमध्ये मद्रास सैन्याच्या घोडदळातील जॉन स्मिथ हा अधिकारी शिकारीच्या निमित्ताने वाघोरा नदीच्या खोऱ्यात आला आणि समोरच्या कड्यात त्याला लेण्यांची कमान दिसली. परिसरातील गुराख्यांना ही लेणी कधीच अनोळखी नव्हती, हे वेगळे सांगायला नको. त्यानंतर हौशी प्रवासी येऊ लागले आणि त्यांच्याबरोबर नासधूसही आली. मुंबईच्या डॉ. जेम्स बर्ड यांनी तर भिंतीवरील चित्रांचे तुकडे सोलून नेण्याचा उद्योग केला. ते तुकडे हाती लागेपर्यंत भुगा झाले. वास्तुकलेचा अभ्यासक जेम्स फर्ग्युसन १८३९ मध्ये येथे येऊन गेला. ही चित्रे डोळ्यांदेखत नष्ट होत असल्याने निदान त्यांच्या नकला तरी करून ठेवाव्यात, असा आग्रह त्याने लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीमार्फत कंपनीकडे धरला. कंपनीच्या संचालकांनी तो मानला आणि १८४४ मध्ये या कामासाठी रॉबर्ट गिलची नेमणूक झाली.

गिलने मुक्काम ठोकला तो अजिंठा गावात, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील सिल्लोड तालुक्यात. गावाला तटबंदी होती आणि लष्करी इतिहासही होता. १८०३ च्या सप्टेंबरमध्ये असईच्या रणात मराठ्यांशी झुंज झाल्यावर वेलस्लीने आपल्या जखमी सैनिकांना याच गावात आणून ठेवले होते. तेथील बारदरीत गिल राहू लागला. लेणी तेथून काही कोसांवर, घाट उतरून खाली. वाटेत दाट जंगल, जनावरांची भीती, पावसाळ्यात फुगणारी वाघोरा, आणि आत लेण्यांत वटवाघळांचे थवे व मधमाश्यांची पोळी. नक्कल करणाऱ्याला रोज हे सारे ओलांडून भिंतीपुढे उभे राहायचे होते.

ही भिंत कशी बनली होती, हे कळल्याशिवाय गिलपुढची अडचण कळत नाही. इसवी सनाच्या पाचव्या शतकात, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात, सोळा व सतरा क्रमांकांसारखे विहार रंगवले गेले. कातळावरील छिन्नीचे खडबडीत घाव मुद्दाम तसेच ठेवून त्यांवर मातीचा गिलावा चढवला जाई. त्या मातीत भाताचा कोंडा, गवताचे व वनस्पतींचे धागे मिसळलेले असत, म्हणजे गिलावा तडकू नये. त्यावर चुन्याचा अगदी पातळ थर. तो वाळला की रेखांकन, आणि मग रंग. लाल व पिवळी गेरू, हिरवी माती, काजळी, पांढरी माती ही द्रव्ये बहुतांशी जवळपासची. निळा लाजवर्द तेवढा लांबून आणलेला. रंग डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले असत. ओल्या चुन्यावर रंगवण्याची इटलीतील पद्धत ही नव्हे. म्हणूनच अजिंठ्याच्या चित्रांना सैलपणे फ्रेस्को म्हणणे चुकीचे ठरते. वाळलेल्या थरावर बसलेला हा रंग पाणी, धूर आणि माणसाचा हात यांपुढे फार नाजूक असतो.

सतराव्या लेण्याच्या उजव्या भिंतीवरील सिंहलावदानाचे चित्र या कलेचे बळ एकाच नजरेत दाखवते. सिंहल नावाचा व्यापारी जहाज फुटून राक्षसिणींच्या बेटावर अडकतो, उडणाऱ्या दिव्य अश्वाच्या पाठीवर बसून सुटतो, आणि त्याच्यामागे आलेली राक्षसीण राजाला व त्याच्या परिवाराला खाऊन टाकते. लोक सिंहलालाच गादीवर बसवतात आणि तो सैन्य घेऊन त्या बेटावर चालून जातो. चित्रकाराने नगराच्या दारातून बाहेर पडणारी स्वारी, हत्ती, घोडेस्वार, भाल्यांचे रान, निशाणे, नावांतून उतरणारे सैन्य आणि बेटावरील झुंज हे सारे एकमेकांत मिसळून टाकले आहे. भारतीय चित्रकलेत घोडदळाची आणि हत्तीदळाची इतकी जुनी व इतकी मोठी लढाई फार थोड्या ठिकाणी टिकली असेल. एकोणिसाव्या शतकातील अभ्यासकांनी तिला विजयाने सिंहलद्वीप जिंकल्याचा प्रसंग मानले. अवदानकथेशी तिचा मेळ नंतर बसला. अशा भिंतीपुढे माणसाने कोठून आरंभ करावा? कुठेही एक आकृती सुटी नाही. घोड्याचा पाय उचलून घ्यावा तर त्याच्यामागे भालाईत आहे, त्याच्यामागे हत्तीची सोंड.

गिलने कॅनव्हासवर तैलरंगांत, शक्य तेथे मूळ आकारात, नक्कल करण्याचा मार्ग धरला. यात एक विसंगती होतीच. मातीच्या गिलाव्यावरील कोरडा, धुरकट रंग आणि तेलाची चमक यांचा स्वभाव एक नाही. शिवाय युरोपीय शिक्षणात वाढलेली नजर नकळत उजेड-सावली शोधते, आणि अजिंठ्याचा चित्रकार आकार उभा करतो तो प्रामुख्याने रेषेच्या वळणातून. पण दुसरा पर्याय त्या काळी नव्हता. रंग टिपणारे छायाचित्रण अजून यायचे होते, आणि अंधाऱ्या लेण्यातील भिंत त्या वेळच्या कॅमेऱ्याला दिसणेही कठीण होते. डोळा, हात आणि धीर एवढीच साधने. आजारपण, साहित्याची टंचाई आणि १८५७ च्या धामधुमीने पडलेला खंड यांतून वाट काढत त्याने १८६३ पर्यंत सुमारे तीस चित्रे पुरी केली. ती टप्प्याटप्प्याने लंडनला गेली, कंपनीच्या संग्रहालयात लागली आणि पुढे त्यांतील बहुतेक क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली गेली.

याच वर्षांत पारो त्याच्या जीवनात आली आणि गेली. २३ मे १८५६ रोजी तिचे निधन झाले. गिलने अजिंठा गावात तिची कबर बांधली आणि तिच्यावरील शिळालेखात आपले प्रेम उघडपणे कोरून ठेवले. पत्नी हयात असलेल्या, कंपनीच्या नोकरीतील गोऱ्या अधिकाऱ्याने त्या काळी असे करणे हे धाडसच म्हटले पाहिजे. तिच्याविषयी खात्रीने सांगता येईल असे याहून फारसे काही नाही. कवींनी आणि पटकथाकारांनी भरलेल्या जागा त्यांच्या आहेत.

१८५६ च्या सुमारास गिलच्या हाती कॅमेरा आला. दोन भिंगांचा, एकाच दृश्याची जोडचित्रे टिपणारा. तो घेऊन त्याने अजिंठा, वेरूळ, लोणार असा मुलूख पालथा घातला. त्याची छायाचित्रे आणि फर्ग्युसनचे विवरण अशी दोन पुस्तके १८६४ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाली. त्यांपैकी लेण्यांवरच्या पुस्तकात चौऱ्याहत्तर छायाचित्रे होती. आज वास्तूंच्या इतिहासकारांना ती मोलाची वाटतात, कारण नंतरच्या डागडुजीपूर्वीची लेणी त्यांत दिसतात. चित्रकार म्हणून गेलेला माणूस छायाचित्रकार म्हणून अधिक टिकला, असे म्हणावे लागते.

कारण पुढे आग लागली. चार-पाच कॅनव्हास तेवढे अन्यत्र असल्याने बचावले. काही चित्रांची रेखाटने १८५६ मध्ये मिसेस स्पायर यांच्या प्राचीन भारतावरील पुस्तकात लाकडी ठशांनी छापली गेली होती. जळालेल्या कामाची कल्पना आज काही प्रमाणात त्या लहानग्या ठशांवरूनच करावी लागते.

येथे युरोपातील एका घोडदळाच्या लढाईची आठवण होते. लिओनार्दो दा विंची याने १५०५ च्या सुमारास फ्लॉरेन्सच्या नगरगृहाच्या भिंतीवर अँगियारीची लढाई रंगवायला घेतली. निशाणासाठी झगडणारे घोडेस्वार आणि एकमेकांना चावणारे घोडे त्यात होते. पण त्याने योजलेले तैलमिश्रण भिंतीवर धरेना. काम अर्धवट राहिले आणि १५६० नंतरच्या दशकात त्या दालनाचे रूपच वासारीने बदलले. त्या लढाईचे सर्वांत प्रसिद्ध रूप आज पॅरिसच्या लुव्र संग्रहालयात आहे, ते फ्लेमिश चित्रकार रूबेन्सच्या हातचे. रूबेन्सने मूळ भिंत पाहिलीच नव्हती. दुसऱ्या कुणाच्या जुन्या रेखाटनावर खडू, शाई आणि पांढऱ्या रंगाचे हात फिरवून त्याने त्यात प्राण भरला. तेथे मूळ गेले आणि नकलेची नक्कल जगली. अजिंठ्याचे उलट झाले: नकला गेल्या, मूळ राहिले. मात्र जसेच्या तसे नव्हे. गिलने पाहिलेल्या भिंतींचा काही भाग नंतर गळून पडला, आणि तेवढ्यापुरते त्याचे डोळे हीच शेवटची साक्ष होती. ती साक्ष सिडनहॅमला जळाली.

साठी उलटलेल्या गिलने आगीनंतर पुन्हा लेण्यांची वाट धरली आणि नव्याने कुंचला हाती घेतला. वय, दृष्टी आणि प्रकृती यांचा विचार करता पहिल्यासारखा संच उभा राहणे शक्य नव्हते, आणि तो राहिला नाही. इंग्लंडला परत जाऊन निवृत्तीचे दिवस काढण्याचा सरळ मार्ग मोकळा असताना तो अजिंठ्यालाच का चिकटून राहिला, याचे उत्तर कामात शोधावे की माणसांत, हे ज्याचे त्याने ठरवावे. तेथे त्याला पुढे दुसरा संसारही झाला होता.

दरम्यान सरकारने १८७२ मध्ये मुंबईच्या कला विद्यालयातील जॉन ग्रिफिथ्स याच्याकडे हेच काम सोपवले. त्याच्याबरोबर विद्यालयाचे विद्यार्थी होते, म्हणजे एकट्या माणसाचा उद्योग आता एका पथकाचा झाला. गिल हयात असतानाच त्याचे अपुरे स्वप्न दुसऱ्यांच्या हाती गेले. ग्रिफिथ्सचे काम १८८५ पर्यंत चालले. नकला लंडनच्या साउथ केन्सिंग्टनला गेल्या आणि त्याच वर्षी तेथे लागलेल्या आगीत त्यांतील पुष्कळशा जळाल्या. चित्रे उठून दिसावीत म्हणून या पथकाने भिंतींवर लावलेले व्हार्निश पुढे काळवंडले, आणि ते काढण्यासाठी निजाम सरकारला १९२० मध्ये इटलीहून तज्ज्ञ आणावे लागले.

ही दुसरी आग पाहायला गिल उरला नव्हता. १८७९ च्या वसंतात तो गंभीर आजारी पडला. उपचारांसाठी त्याला अजिंठ्याहून भुसावळकडे नेले जात होते. त्या प्रवासात, १० एप्रिल रोजी, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्याचा मृत्यू झाला. भुसावळच्या युरोपीय दफनभूमीत त्याला पुरले. पारोची कबर घाटाच्या वर अजिंठ्यात, त्याची खाली खानदेशात. वाचलेले मोजके कॅनव्हास लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत.