प्लगमागच्या कॅरोलिनबाई

एम.एस.साठी लंडनला गेलेल्या सिनियर्सची बॅग उघडली की त्यात मेतकूट, लोणचं, प्रेशर कुकर आणि एक पांढरा ठोकळा हमखास असतो. हा ठोकळा म्हणजे प्लग अ‍ॅडॅप्टर. इंग्लंडमधल्या भिंतीवरच्या सॉकेटला तीन चौकोनी भोकं असतात आणि आपल्या चार्जरच्या गोल पिना त्यात जात नाहीत. दुबई, सिंगापूर, हाँगकाँग, मलेशिया इथेही तोच प्रकार. तो प्लग दिसायला अगदी बोजड! पायाखाली आला तर माणूस अख्खं घर उठवेल. पण तो तसा का झाला, याच्या मागे एका बाईंचं आयुष्य आहे. त्यांचं नाव डेम कॅरोलिन हॅस्लेट. आपल्या सिलॅबसमध्ये पार्सन्स, टेस्ला, मॅक्सवेल सगळे आहेत, पण या बाई कुठेच नाहीत, म्हणून हा खटाटोप.

कॅरोलिनचा जन्म १७ ऑगस्ट १८९५ चा, इंग्लंडमधल्या ससेक्स परगण्यातल्या वर्थ गावचा. वडील रेल्वेत सिग्नल फिटर होते. म्हणजे हत्यारं, तारा आणि तेलाचे हात हे घरात रोजचंच. पण त्या काळात मुलीने इंजिनियर व्हायचं ही कल्पनासुद्धा कोणाच्या डोक्यात येत नसे. शाळा झाल्यावर कॅरोलिनने लंडनला येऊन सेक्रेटरीचा कोर्स केला आणि कॉक्रन नावाच्या बॉयलर कंपनीच्या ऑफिसात नोकरी धरली. त्याच सुमारास बायकांना मताचा हक्क मिळावा म्हणून चाललेल्या चळवळीतही ती ओढली गेली.

१९१४ साली पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि ऑफिसातले पुरुष एकेक करून सैन्यात गेले. त्यांची कामं कॅरोलिनच्या टेबलावर आली. नुसती पत्रं टाइप करण्यापेक्षा बॉयलर समजून घ्यावा असं तिला वाटलं आणि तिने सरळ कारखान्यात शिकायला जायची परवानगी मागितली. कंपनीचा कारखाना स्कॉटलंडमध्ये अ‍ॅनन इथे होता. तिथे तिने प्रत्यक्ष कामाचं शिक्षण घेतलं. डिग्री नाही, युनिव्हर्सिटी नाही, जे शिकली ते शॉप फ्लोअरवर. आपण फर्स्ट इयरला वर्कशॉपमध्ये जॉब फाइल करताना किती कुरकुर करतो ते आठवा!

युद्ध संपलं आणि खरी अडचण आली. कारखान्यांत लाखो बायका काम करत होत्या. पुरुष परत आल्यावर त्यांना त्यांच्या जागा परत मिळाव्यात असा कायदाच १९१९ मध्ये इंग्लंडमध्ये झाला. थोडक्यात काय, बाई, गरज होती तेव्हा तुम्ही लेथ चालवलात, आता स्वयंपाकघरात जा. याविरुद्ध त्याच वर्षी काही जणींनी विमेन्स इंजिनियरिंग सोसायटी स्थापन केली. त्यात लेडी कॅथरीन पार्सन्स आणि त्यांची मुलगी रेचेल होत्या. स्टीम टर्बाइनवाले चार्ल्स पार्सन्स, ज्यांचा रिअ‍ॅक्शन टर्बाइन आपण व्हायवाला घोकतो, त्यांची बायको आणि मुलगी. या सोसायटीच्या पहिल्या सेक्रेटरी झाल्या कॅरोलिन हॅस्लेट. तेव्हा त्यांचं वय होतं २३. सोसायटीचं नियतकालिकही त्यांनीच संपादित केलं. नोकऱ्या मिळवून देणं, कॉलेजांची दारं ठोठावणं, कारखान्यांना पत्रं लिहिणं अशी न संपणारी कामं.

त्यांच्या जवळच्या मैत्रिणींपैकी एक मार्गारेट पार्ट्रिज. या बाई डेव्हन परगण्यातल्या गावांत विजेची कंत्राटं घेत आणि हाताखाली मुलींनाच शिकाऊ म्हणून ठेवत. त्यातलीच एक मुलगी बिअ‍ॅट्रिस शिलिंग. पुढे दुसऱ्या महायुद्धात विमानाने नाक खाली घातलं की रोल्स-रॉईस मर्लिन इंजिन बंद पडायचं, त्यावर छोटासा उपाय शोधणारी ती हीच. असो, तिच्यावर वेगळा लेख लिहावा लागेल.

१९२४ मध्ये कॅरोलिनबाईंनी इलेक्ट्रिकल असोसिएशन फॉर विमेन ही दुसरी संस्था उभी केली. मला स्वतःला हे त्यांचं सर्वांत मोठं काम वाटतं. त्या काळी इंग्लंडमध्येसुद्धा घरोघरी वीज नव्हती. कोळसा वाहणं, शेगडी पेटवणं, राख काढणं, पाणी तापवणं, कपडे धुणं यातच बाईचा दिवस संपायचा. वीज आली तर हे कष्ट वाचतील, आणि बाईला वाचायला, शिकायला, घराबाहेर काही करायला वेळ मिळेल, असं बाईंचं गणित होतं. पण वीज म्हणजे भीती. शॉक बसेल, घर पेटेल. म्हणून ही संस्था गृहिणींना वीज समजावून सांगायची. मीटर कसा वाचायचा, फ्यूज कसा बदलायचा, प्लगमध्ये वायर कशी जोडायची. बायकांसाठी विजेचं हँडबुक काढलं. १९३५ साली ब्रिस्टलमध्ये सगळं विजेवर चालणारं एक घरच बांधून दाखवलं. फ्यूज उडाला की वॉर्डनची वाट बघत अंधारात बसणाऱ्या आपल्यासारख्या भावी इंजिनियर्सनी यावर विचार करावा.

या कामामुळे कॅरोलिनबाईंना एक गोष्ट कळली जी मोठमोठ्या इंजिनियर्सना कळत नव्हती. घरातली वीज प्रत्यक्षात कोण वापरतं आणि अपघात कोणाला होतो? घरात बाई असते आणि जमिनीवर रांगणारं मूल असतं. सॉकेट जमिनीपासून वीतभर उंचीवर.

शिवाय त्यावेळी इंग्लंडमध्ये प्लगचा नुसता बाजार होता. २ अँपिअरचा वेगळा, ५ चा वेगळा, १५ चा वेगळा. दिव्याचा प्लग हीटरच्या सॉकेटला नाही आणि हीटरचा इस्त्रीच्या नाही. कुठल्या गावात एसी, तर कुठे डीसी. आज आपण परदेशात जाताना अ‍ॅडॅप्टर नेतो, तेव्हा इंग्रजांना एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाताना लागत असे म्हणा ना.

दुसरं महायुद्ध चालू होतं, बाँबने घरं पडत होती आणि सरकारने आधीच विचार सुरू केला की नवीन घरं बांधताना वायरिंग कसं करायचं. त्यासाठी नेमलेल्या वीस जणांच्या समितीत एकच बाई होत्या, कॅरोलिन हॅस्लेट. १९४४ मध्ये अहवाल आला आणि १९४७ मध्ये त्यावरून बीएस १३६३ हे स्टँडर्ड निघालं. तोच हा चौकोनी प्लग.

आता यातलं इंजिनियरिंग बघू, कारण ते खरंच झकास आहे. एक, सॉकेटच्या आत लाइव्ह आणि न्यूट्रलच्या भोकांवर शटर असतं. अर्थची पिन इतर दोघींपेक्षा लांब. ती आधी आत जाते, शटर उघडते आणि मगच बाकीच्या पिना जातात. मुलाने खिळा किंवा हेअरपिन घातली तर समोर भिंत. शिवाय करंट यायच्या आधी अर्थ जोडलेलं असतं. दोन, सगळ्या उपकरणांना एकच १३ अँपिअरचा प्लग. का १३? २३० व्होल्टला ३ किलोवॉटचा हीटर चालवायचा तर तेवढे लागतात, भागाकार करून बघा. तीन, तांबं आणि खर्च वाचावा म्हणून घरभर एकच वायर रिंगसारखी फिरवायची. पण रिंगचा फ्यूज ३० अँपिअरचा. टेबल लॅम्पच्या बारीक वायरमध्ये बिघाड झाला तर वायर जळेल पण मोठा फ्यूज उडेलच असं नाही. म्हणून प्रत्येक प्लगच्या पोटातच छोटा फ्यूज. प्लग जाडा का, त्याचं उत्तर हे.

इंटरनेटवर काही ठिकाणी हा प्लग कॅरोलिनबाईंनी शोधला असं बिनधास्त ठोकून दिलेलं असतं. तसं नाही. हे समितीचं काम होतं. पण मुलांच्या सुरक्षिततेचा मुद्दा पहिल्या रांगेत आला त्यात या एकट्या बाईंचा वाटा मोठा होता, आणि एवढं श्रेय पुरेसं आहे.

गंमत म्हणजे इंग्रजांनी सोडून दिलेला जुना गोल पिनांचा प्लग आपण ठेवला. आपला ५ आणि १५ अँपिअरचा प्लग त्याच जुन्या बीएस ५४६ चा वारसदार. आता आपल्याकडेही शटरवाले सॉकेट मिळतात, पण जुन्या बोर्डांवर भोकं उघडीच असतात. लंडनला गेलेली आपली मुलं मग काय करतात? अर्थच्या भोकात बॉलपेन खुपसून शटर उघडतात आणि दोन पिनांचा चार्जर दाबून बसवतात. जुगाड म्हणून भारी, पण ज्या एका गोष्टीसाठी एवढा खटाटोप केला तीच मोडली. पिन सैल बसते, ठिणग्या उडतात आणि प्लगमधला फ्यूजही नाही. साधा अ‍ॅडॅप्टर घ्या ना बाबांनो.

अ‍ॅडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही, हेही लक्षात ठेवा. लॅपटॉप-मोबाइलच्या चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असं छापलेलं असेल तर कुठेही चालेल. पण इथला वॉटर हीटिंग रॉड अमेरिकेत १२० व्होल्टवर लावला तर पॉवर व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घसरून जेमतेम पाव राहते. पाणी कोमट व्हायच्या आत लेक्चर संपेल. उलट तिकडचा १२० व्होल्टचा हेअर ड्रायर इथे लावला तर धूरच.

१९४७ मध्येच कॅरोलिनबाईंना डेम हा किताब मिळाला आणि ब्रिटिश इलेक्ट्रिसिटी अथॉरिटीच्या त्या पहिल्या महिला सदस्य झाल्या. वीज कंपनीच्या एका कोळसावाहू बोटीलाही त्यांचं नाव दिलं गेलं. कोळशाच्या राखेतून बायकांना सोडवायला निघालेल्या बाईंच्या नावाने कोळसा वाहिला जाणं, हा योग काही औरच! त्यांनी काढलेली गृहिणींची संस्था १९८६ पर्यंत चालली. त्या स्वतः ४ जानेवारी १९५७ रोजी सफोकमधल्या बंगे इथे बहिणीच्या घरी वारल्या. आपलं दहन विजेवरच व्हावं, असं त्यांनी मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं.