श्रेयनामावलीतील एक नाव : मार्गारेट बूथ

चित्रपट सुरू झाला की श्रेयनामावली कधी एकदा संपते असे मला पूर्वी होई. नायक-नायिकेची नावे वाचली की पुरे. ‘संकलन’ हा शब्द कितीदा तरी डोळ्यांखालून गेला असेल. पण संकलक नेमके करतो काय, हे मला मार्गारेट बूथ या अमेरिकन संकलिकेची हकीकत वाचल्यावर कळले.

मार्गारेटचा जन्म १८९८ सालचा, लॉस एंजेलिसचा. थोरला भाऊ एल्मर मूकपटांत काम करी. घराला त्याचाच आधार होता. १९१५ च्या जूनमध्ये मोटार अपघातात तो गेला. मार्गारेट तेव्हा सतरा वर्षांची. एल्मरने ज्यांच्या चित्रपटांत भूमिका केल्या होत्या, त्या दिग्दर्शक डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांनी तिला फिल्म जोडण्याच्या कामावर घेतले.

काम डोळ्यांची परीक्षा पाहणारे होते. मंजूर झालेल्या प्रतीशी ताडून मूळ निगेटिव्हचे तुकडे जोडायचे. फिल्मच्या कडेला तेव्हा क्रमांक नसत; एकेक चौकट नजरेनेच जुळवावी लागे. लिलियन गिशचा चेहरा जवळून टिपलेला असला, की दोन चौकटींतला फरक दिसता दिसत नसे.

पुढे ती लुई बी. मेयर यांच्या स्टुडिओत आली. दिग्दर्शक जॉन स्टाल संकलनाला बसत, तेव्हा ती शेजारी राहून पाही. सगळे घरी गेल्यावर त्यांनी टाकून दिलेले तुकडे घेऊन ती तेच प्रसंग आपल्या मनाने जोडी. एकदा एक प्रसंग स्टाल यांना काही केल्या जमेना. मार्गारेटने जोडलेला त्यांनी पाहिला आणि तोच चित्रपटात घेतला. मग ती त्यांची सहायक झाली.

१९२४ मध्ये मेयर यांची कंपनी एम.जी.एम.मध्ये सामील झाली. १९३५ च्या ‘म्युटिनी ऑन द बाउंटी’साठी मार्गारेटला ऑस्करचे नामांकन मिळाले, पारितोषिक मात्र हुकले. १९३९ ते १९६८ ती त्या स्टुडिओची मुख्य संकलिका होती. इतरांनी केलेले संकलन ती तपासी, बदलायला लावी. पण त्या चित्रपटांवर तिचे नाव सहसा नसे. १९७८ साली, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, तिला मानद ऑस्कर मिळाले. त्यानंतरही ती काम करीत राहिली. २००२ मध्ये १०४ वर्षांची होऊन ती वारली.

हे वाचताना मला टाकाऊ तुकड्यांपाशीच थांबावे लागले. माझी आई लोकांचे ब्लाउज शिवते. शिवण ती कोणत्या वर्गात शिकली नाही. शेजारच्या काकूंच्या हाताकडे बघत शिकली. माझे पहिले दप्तर तिने गिऱ्हाइकांच्या उरलेल्या कापडाचे केले होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला, आणि माझी फी तिच्या मशीनवर निघते. तरी पहिल्या वर्षाच्या प्रवेश-अर्जात आईच्या व्यवसायापुढे मी ‘गृहिणी’ असे लिहिले होते. कोणी विचारले नव्हते; मलाच लाज वाटली होती.

मार्गारेटचे नाव स्टुडिओने गाळले. आईचे काम मी गाळले.

यंदाच्या अर्जात त्याच रकान्यात मी ‘शिवणकाम’ लिहिले. अर्जावर सही करताना आईने ते वाचले, काही बोलली नाही. फक्त अर्जाची घडी पडू नये म्हणून तो वहीत नीट ठेवून दिला.