शिवकर बापूजी तळपदे

शिवकर बापूजी तळपदे (जन्म: १८६४, मुंबई, मृत्यू: १९१६) हे संस्कृत व वेदविद्येचे अभ्यासक आणि विमानविद्येत रस घेणारे मराठी प्रयोगकर्ते होते. त्यांनी १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर मरुत्सखा नावाचे मानवरहित विमान उडवले, असा दावा त्यांच्याविषयी केला जातो. या दाव्याला समकालीन व पडताळता येईल असा पुरावा मिळालेला नसल्याने विमानविद्येच्या इतिहासकारांनी तो मान्य केलेला नाही. काही लेखनात त्यांचे मृत्युवर्ष १९१७ असे दिले जाते.

प्रारंभिक जीवन

तळपदे यांचा जन्म मुंबईतील चिराबाजार परिसरात पाठारे प्रभू कुटुंबात झाला. पाठारे प्रभू हा मुंबईच्या जुन्या रहिवासी समाजांपैकी एक असून इंग्रजी शिक्षण व शासकीय सेवेत तो आरंभापासून पुढे होता. तळपदे यांचे शिक्षण सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत झाले. तेथील शिक्षक चिरंजीलाल वर्मा यांच्यामुळे त्यांचा स्वामी दयानंद सरस्वती यांच्या ग्रंथांशी परिचय झाला, असे त्यांच्या चरित्रपर लेखनात सांगितले जाते.

दयानंदांनी १८७५ साली मुंबईतच आर्य समाजाची स्थापना केली होती. वेद हे सर्व सत्यविद्यांचे मूळ आहेत, ही त्यांची प्रमुख भूमिका होती. ऋग्वेदादिभाष्यभूमिका या ग्रंथात त्यांनी काही वैदिक ऋचांचा अर्थ नौका व विमाने यांच्या रचनेशी जोडून दाखवला. तळपदे यांच्या विमानविषयक कुतूहलाचा उगम या विचारपरंपरेत आहे.

लेखन

प्राचीन विमानकलेचा शोध हे तळपदे यांचे पुस्तक १९०७ साली प्रसिद्ध झाले. १९०९ साली ऋग्वेदाच्या प्रथम सूक्ताचा अर्थ उलगडणारे त्यांचे पुस्तक निघाले. योगदर्शन, मनाचे सामर्थ्य आणि गुरुमंत्र या विषयांवरही त्यांनी लिहिले. हे लेखन धर्मचिंतनाचे असून त्यात विमानाकडे वेदार्थाच्या वाटेने पाहिले आहे.

मरुत्सखाचा प्रयोग

प्रचलित कथनानुसार तळपदे यांनी १८९५ मध्ये चौपाटीच्या वाळूवर आपले यंत्र लोकांसमोर उडवले. ते सुमारे १,५०० फूट उंचीवर गेले आणि नंतर खाली कोसळले, असे सांगतात. त्या वेळी न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड उपस्थित होते, असाही उल्लेख केला जातो. पुढे आर्थिक पाठबळ न मिळाल्याने व पत्नीच्या निधनामुळे तळपदे यांनी काम थांबवले आणि त्यांच्या मृत्यूनंतर यंत्राचे भाग रॅली ब्रदर्स या कंपनीला विकले गेले, असा या कथनाचा शेवट आहे.

यंत्र पाऱ्यावर चालत होते, असेही सांगितले जाते. अलीकडच्या काही लेखकांनी त्याची तुलना आयन इंजिनाशी केली आहे. पारा वापरणारे आयन इंजिन अमेरिकेने १९६४ साली अवकाशात चालवून पाहिले. मात्र अशा इंजिनाचा रेटा अत्यंत अल्प असतो. निर्वात अवकाशात तो दीर्घकाळ देता येतो म्हणून उपयोगी पडतो. जमिनीवरून यंत्र उचलण्यास तो पुरत नाही. त्यामुळे ही तुलना तांत्रिकदृष्ट्या टिकत नाही.

पुराव्यांचा प्रश्न

केसरी या वृत्तपत्राने या उड्डाणाची बातमी दिली होती, असे वारंवार लिहिले जाते. मात्र हा उल्लेख उत्तरकालीन लेखनातून एकाकडून दुसऱ्याकडे आलेला असून, त्याच्या आधारासाठी मूळ बातमीचा मजकूर पुढे ठेवला गेलेला नाही. उड्डाणाचे छायाचित्र, यंत्राचा आराखडा किंवा यंत्राचा एखादा भागही उपलब्ध नाही. कथेचे तपशील प्रामुख्याने विसाव्या शतकातील आठवणी व समाजेतिहासपर लेखनातून आले आहेत.

त्याच काळातील इतर प्रयोगांशी तुलना केल्यास हा फरक स्पष्ट होतो. अमेरिकेतील सॅम्युएल लँगली यांचे वाफेवर चालणारे मानवरहित विमान ६ मे १८९६ रोजी पोटोमॅक नदीवर उडाले. त्या वेळी अलेक्झांडर ग्रॅहम बेल हजर होते व त्यांनी छायाचित्रे घेतली. ते यंत्र आजही स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहे. फ्रान्सच्या क्लेमां आदेर यांचे वटवाघळासारख्या पंखांचे तिसरे विमान १८९७ च्या चाचणीत अपेक्षेप्रमाणे उडाले नाही, तरीही ते पॅरिसच्या कला व शिल्प संग्रहालयात जतन केलेले आहे. राइट बंधूंचे १७ डिसेंबर १९०३ रोजी उडालेले विमान वॉशिंग्टन येथे आहे. संग्रहालयातील अशा यंत्रांचे मोजमाप घेता येते, त्यांच्या प्रतिकृती करून चाचण्या करता येतात आणि त्यावरून जुने दावे तपासता येतात. मरुत्सखाच्या बाबतीत ही वाट बंद आहे.

मरुत्सखा हे जगातील पहिले मानवरहित विमान होते, हे विधानही इतिहासाशी जुळत नाही. फ्रान्सच्या आल्फोंस पेनो यांचे पिळलेल्या रबरावर चालणारे छोटे विमान १८७१ मध्ये पॅरिसच्या बागेत ११ सेकंद उडून सुमारे ४० मीटर गेले होते. ऑस्ट्रेलियात लॉरेन्स हारग्रेव्ह यांनीही १८९५ पूर्वी यांत्रिक प्रतिकृती उडवल्या होत्या.

सुब्बराय शास्त्री आणि वैमानिक शास्त्र

तळपदे यांचे नाव वैमानिक शास्त्र या संस्कृत ग्रंथाशी जोडले जाते. हा ग्रंथ भरद्वाज ऋषींचा मानला जातो. प्रत्यक्षात तो पंडित सुब्बराय शास्त्री यांनी १९१८ ते १९२३ या काळात सांगून लिहवून घेतला. म्हणजे १८९५ च्या प्रयोगाच्या वेळी आणि तळपदे यांच्या हयातीत तो लिखित स्वरूपात नव्हता. त्याचा हिंदी अनुवाद १९५९ मध्ये व इंग्रजी अनुवाद १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला.

बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेतील पाच संशोधकांनी १९७४ मध्ये या ग्रंथाचे परीक्षण केले. ग्रंथाची भाषा आधुनिक असून तो विसाव्या शतकाच्या आरंभापूर्वीचा नाही आणि त्यात वर्णिलेल्या शकुन, सुंदर, रुक्म व त्रिपुर या विमानांपैकी एकही उडण्याजोगे नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. मुंबईच्या तळपदे यांनी शास्त्रींच्या मार्गदर्शनाखाली प्रतिकृती करून पाहिल्या, पण त्या उडवण्यात त्यांना यश आले नाही, अशी नोंदही या अभ्यासात आहे. ही नोंद यशस्वी उड्डाणाच्या कथेशी विसंगत असली, तरी तळपदे प्रयोग करीत होते, या गोष्टीला ती दुजोरा देते.

वारसा

तळपदे यांच्या जीवनावर आधारलेला हवाईजादा हा हिंदी चित्रपट जानेवारी २०१५ मध्ये प्रदर्शित झाला. त्यात आयुष्मान खुराना यांनी प्रमुख भूमिका केली. त्याच महिन्यात मुंबईत भरलेल्या भारतीय विज्ञान परिषदेत प्राचीन विमानविद्येवर एक निबंध वाचला गेला. त्यावर शास्त्रज्ञांनी आक्षेप घेतल्याने तळपदे यांचे नाव पुन्हा चर्चेत आले.

भारतातील विमानोड्डाणाचा नोंदवलेला इतिहास १९१० पासून सुरू होतो. १८ फेब्रुवारी १९११ रोजी फ्रेंच वैमानिक आंरी पेके यांनी अलाहाबादहून नैनीपर्यंत विमानाने टपाल नेले. तळपदे यांचे स्थान या नोंदवलेल्या इतिहासाच्या बाहेर आहे. तथापि, राइट बंधूंच्या यशाची वार्ता भारतात नवी असताना, १९०७ साली विमानविद्येवर मराठीत पुस्तक लिहिणारे लेखक म्हणून त्यांची दखल घ्यावी लागते. वसाहतकाळात पाश्चात्त्य यंत्रविद्येला स्वतःच्या परंपरेतून उत्तर शोधू पाहणाऱ्या पिढीचे ते प्रतिनिधी होते.